सिसिलीची कारभारीण आदेलासिया देल वास्तो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रुसेडच्या, म्हणजे जेरुसलेमसाठी झालेल्या ख्रिस्ती धर्मयुद्धांच्या, इतिहासात आदेलासिया बहुधा एकाच परिच्छेदापुरती येते. जेरुसलेमच्या राजाने पैशासाठी जिच्याशी लग्न केलं आणि चार वर्षांनी जिला परत पाठवून दिलं, ती श्रीमंत विधवा. यात खोटं काही नाही. पण त्याआधी अकरा वर्षं तिने सिसिली सांभाळली होती, आणि माझ्या मते तिची खरी ओळख तिथे आहे. म्हणून खालची उत्तरं सगळी सारख्या लांबीची नाहीत. लग्न कसं मोडलं हे सगळीकडे वाचायला मिळतं, कारभार कसा चालला हे फारसं मिळत नाही.

आदेलासिया देल वास्तो कोण होती?

वायव्य इटलीतल्या एका सरदार घराण्यातली मुलगी. जन्म साधारण 1074 चा, मृत्यू 16 एप्रिल 1118. सिसिलीचा नॉर्मन काउंट पहिला रॉजर याची ती तिसरी बायको. नवऱ्यामागे 1101 ते 1112 तिने आपल्या अज्ञान मुलांच्या नावाने सिसिली आणि समोरच्या मुख्य भूमीवरच्या कालाब्रियाचा कारभार पाहिला. पुढे 1113 मध्ये जेरुसलेमचा राजा पहिला बाल्डविन याच्याशी लग्न होऊन ती काही काळ तिथली राणी झाली. सिसिलीचा पहिला राजा दुसरा रॉजर हा तिचा मुलगा.

इंग्रजी पुस्तकांत तिचं नाव 'अॅडिलेड' असं सापडेल. सिसिलीत मात्र ती आदेलासियाच आहे, म्हणून इथेही तेच ठेवलं आहे.

तिचं माहेर कोणतं?

अलेरामिची. पिएमोन्तेच्या दक्षिण भागापासून लिगुरियाच्या किनाऱ्यापर्यंत, म्हणजे सावोना बंदराच्या आसपास, या घराण्याच्या शाखांची सत्ता होती. तिच्या वडिलांचं नाव मान्फ्रेदो. पण घरात चालायचं ते काकाचं, बोनिफाचो देल वास्तोचं. नॉर्मन लोकांचा त्या काळातला इतिहासकार मालातेर्रा नव्या नवरीची ओळख करून देतो तीसुद्धा या प्रसिद्ध मार्क्विसच्या नात्यातली मुलगी म्हणून.

आजीकडून तिचं नातं थेट तोरिनोच्या घराण्याशी होतं. तोरिनोची आदेलाइदे ही तिच्या आजीची बहीण. नवरा गेल्यावर तिनेही मुलांच्या नावाने राज्य चालवलं, आणि तिचा एक जावई तर सम्राट चौथा हेन्री होता. आदेलासिया सासरी निघाली तेव्हा ही म्हातारी हयात होती, 1091 मध्ये वारली. दोघींची भेट झाल्याची नोंद नाही. पण बायका राज्य चालवतात हे या मुलीने घरातच ऐकलं असणार, एवढं मी खात्रीने म्हणेन.

पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न साठीला टेकलेल्या माणसाशी का लावलं?

लग्न 1089-90 च्या सुमाराचं. रॉजर तेव्हा अठ्ठावन्नच्या आसपास होता. नॉर्मंडीतल्या तांक्रेद द ओतव्हिलचा हा सगळ्यात धाकटा मुलगा. 1061 मध्ये त्याने मेस्सिना घेतलं, भावाच्या जोडीने 1072 मध्ये पालेर्मो घेतलं, आणि 1091 मध्ये नोतो शरण आल्यावर सगळं बेट नॉर्मनांकडे आलं. दोन बायका वारल्या होत्या. मुली बऱ्याच होत्या, पण गादीवर निर्विवाद बसेल असा औरस मुलगा नव्हता. थोरला जॉर्डन शूर खरा, पण अनौरस, आणि तोही 1092 मध्ये वारला.

शिवाय ही सोयरीक एकट्या मुलीची नव्हती. आदेलासियाबरोबर तिच्या दोन बहिणींची लग्नंही रॉजरच्या मुलांशी ठरवण्यात आली. तिचा भाऊ एन्रिको याला रॉजरची मुलगी फ्लांदिना दिली, आणि पुढे पातेर्नो आणि बुतेरा ही मोठी जहागीर त्याच्याकडे आली. दोन्ही घराण्यांनी एकमेकांना अशा चहूबाजूंनी बांधून घेतलं होतं. रॉजरला उत्तर इटलीतून माणसं हवी होती, देल वास्तो मंडळींना दक्षिणेत जमीन. मुलीच्या मनात काय होतं, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही.

तिला मुलं किती?

सिमोन 1093 मध्ये झाला, रॉजर 22 डिसेंबर 1095 ला. मुलींपैकी मातिल्दाचं नाव महत्त्वाचं. तिचं लग्न आलिफेच्या रानुल्फ या काउंटशी झालं होतं. पुढे ती त्याला सोडून भावाकडे निघून आली, आणि त्या निमित्ताने मेव्हण्या-मेव्हण्यांत पेटलेलं वैर दक्षिण इटलीला पुढची काही वर्षं पुरलं. माक्सिमिला नावाच्या मुलीचाही उल्लेख येतो.

दोन भावांबद्दल तेलेसेचा मठाधिपती अलेस्सांद्रो एक गोष्ट सांगतो. मुलं नाण्यांचा खेळ खेळत होती. धाकटा रॉजर जिंकला आणि सिमोनला म्हणाला, बाबांच्या मागे राज्य मीच करायला हवं, तुला मी बिशप करीन, नाहीतर पोपच करून टाकीन, ते तुला जास्त शोभेल. अलेस्सांद्रोने हे लिहिलं तेव्हा रॉजर राजा झालेला होता, तेव्हा गोष्टीत त्याचीच बाजू वरचढ असणं साहजिक आहे. मला ती आवडते ती वेगळ्या कारणाने. ज्या घरात ही पोरं भांडत होती, त्याच घरात त्यांची आई तेव्हा राज्य सांभाळत होती किंवा लवकरच सांभाळणार होती, हे त्यातून डोळ्यांपुढे येतं.

1101 मध्ये कारभार तिच्याच हाती कसा आला?

22 जून 1101 ला पहिला रॉजर कालाब्रियात मिलेतोला वारला. सिमोन आठ वर्षांचा, रॉजर साडेपाचचा, आणि आदेलासिया सत्तावीस-अठ्ठावीसची. सिमोन काउंट झाला, आई त्याच्या वतीने राज्य पाहू लागली. चार वर्षांनी, 1105 मध्ये, सिमोनही गेला. मग रॉजरच्या नावाने तिनेच पुढे चालवलं.

ज्या सरदारांनी तीस वर्षं लढून बेट जिंकलं, त्यांना एका परक्या मुलखातल्या तरुण विधवेचे हुकूम ऐकणं रुचणं शक्यच नव्हतं. सुरुवातीला कालाब्रियात आणि सिसिलीत बंडं झाली, ती मोडून काढली गेली. पण तिचा पहिला आधार नॉर्मन सरदार नव्हतेच. एक आधार माहेरचा, भाऊ एन्रिको आणि त्याच्यामागून आलेली माणसं. दुसरा आधार ग्रीक भाषिक अधिकाऱ्यांचा. त्यांच्यात ठळक नाव ख्रिस्तोदूलोस. अमीर हा किताब असलेला हा माणूस राज्यकारभारातला तिचा उजवा हात होता.

दरबारातल्या तलवारबहाद्दरांना बाजूला ठेवून हिशेब, दफ्तर आणि दोन-तीन भाषा जाणणाऱ्यांवर तिने राज्य उभं केलं. पुढे दुसऱ्या रॉजरच्या ज्या राज्ययंत्रणेचं इतिहासकार तोंडभरून कौतुक करतात, तिची घडी इथे बसायला लागली होती. श्रेय मुलाला पुरेपूर मिळालं, आईला फारसं नाही. मला हा अन्याय वाटतो.

राजधानी तिने का हलवली?

पहिल्या रॉजरचं मन मिलेतोत होतं. तिथेच त्याचा मठ, तिथेच त्याचं दफन. पण मिलेतो मुख्य भूमीवर, आणि उत्पन्न सगळं बेटावरचं. आदेलासियाने मुक्काम आधी मेस्सिनाकडे आणला. नेब्रोदी डोंगरातल्या सान मार्कोच्या गढीतही तिचा राबता असे. हा ईशान्य भाग ग्रीक ख्रिश्चनांचा, म्हणजे तिला मानणाऱ्यांचा.

पालेर्मोचं पाऊल त्याहून धाडसी. तिथली बहुतेक वस्ती अरबी बोलणारी मुसलमान होती, शहर मोठं, व्यापार आफ्रिकेशी. 1112 पर्यंत दरबार तिथे स्थिरावला, आणि त्याच वर्षी तिथे रॉजरला नाइट म्हणून दीक्षा मिळाली. जून 1112 च्या पालेर्मोतल्या एका सनदेत आई आणि मुलगा दोघांची नावं आहेत, आणि मुलाचा उल्लेख 'आता नाइट, आता काउंट' असा आहे. सिसिलीचं राज्य म्हटल्यावर जे पालेर्मो आठवतं, ते राजधानीचं शहर आदेलासियाच्या काळात झालं.

1109 च्या कागदाबद्दल एवढं का बोललं जातं?

कारण तारीख असलेला, युरोपातला आज ज्ञात असलेला सगळ्यात जुना कागदी दस्तऐवज तो आहे, आणि तो तिचा हुकूम आहे. मार्च 1109 चा. एकाच पानावर ग्रीक आणि अरबी मजकूर. कास्त्रोजोव्हान्नी, म्हणजे आजच्या एन्नाच्या बाजूच्या अधिकाऱ्यांना त्यात बजावलं आहे की फ्रागालाच्या सान फिलिप्पो मठातल्या साधूंना त्रास होऊ देऊ नका, त्यांचं रक्षण करा. मूळ कागद पालेर्मोच्या सरकारी दफ्तरखान्यात जपलेला आहे.

यात तिची कारभाराची पद्धत दिसते. मठ ग्रीक पंथाचा, हुकूम देणारी लॅटिन पंथाची, ज्यांनी तो अमलात आणायचा त्यांच्यातले काही अरबी वाचणारे. भाषांतरासाठी कोणाला थांबावं लागू नये म्हणून दोन्ही भाषा एकाच पानावर. आणि विषय तरी काय? लढाई नाही, तह नाही. एका डोंगरातल्या मठाला स्थानिक अंमलदार छळू नयेत, एवढाच. राज्य करणाऱ्याचा रोजचा दिवस असल्याच कामांत जातो. तिचे दिवस असे गेले याचा पुरावा आपल्या हाती आहे, ही मला मोठी भाग्याची गोष्ट वाटते.

युरोपात बाकी सगळीकडे तेव्हा कातड्यावर लिहीत. कागद सिसिलीला अरबांकडून आला होता, आणि तो टिकाऊ नाही ही भीती होती. तिच्या काळातल्या कागदी सनदा पुढे दुसऱ्या रॉजरने चर्मपत्रावर नव्याने करून घ्यायला लावल्या. तिचा पणतू, सम्राट दुसरा फ्रेडरिक, याने 1231 च्या कायद्यात तर सार्वजनिक दस्त कागदावर करायलाच मनाई केली. तरीही पणजीचा तो एक कागद नऊशे वर्षांहून जास्त टिकला.

तिच्यामागून उत्तरेतून आलेल्या लोकांचं काय झालं?

ते तिथलेच झाले, आणि त्यांची बोली अजून जिवंत आहे. तिच्या लग्नानंतर, खासकरून एन्रिकोच्या जहागिरीच्या आसऱ्याने, पिएमोन्ते-लिगुरियाकडची कुटुंबं सिसिलीच्या आतल्या भागात वसली. समकालीन लोक त्यांना सरसकट 'लोम्बार्द' म्हणत. पियात्सा आर्मेरिना, आयदोने, निकोसिया, स्पेर्लिंगा, सान फ्रातेल्लो, नोव्हारा दी सिचिलिया या गावांतली बोली आजूबाजूच्या सिसिलियनपेक्षा वेगळी आहे. भाषाशास्त्रज्ञ तिचं नातं थेट उत्तर इटलीशी जोडतात. ही वस्ती पिढ्यान्पिढ्या चालली, तेव्हा सगळं एका वरातीचं फळ म्हणता येणार नाही. पण दार उघडलं ते त्या सोयरिकीने.

या वसाहतीची दुसरी बाजूही लपवू नये. नव्या लोकांना जमीन हवी होती आणि ती मुसलमान शेतकऱ्यांच्या भागात होती. 1161 मध्ये या लोम्बार्द गावांतून मुसलमानांच्या कत्तली झाल्या. आदेलासियाला वारून तेव्हा चाळीसहून जास्त वर्षं झाली होती.

तिने एका माणसाला विष दिलं हे खरं का?

ही गोष्ट नॉर्मंडीतल्या ऑर्डेरिकस व्हितालिस या साधूची. बरगंडीच्या ड्यूकच्या घराण्यातल्या रॉबर्टला तिने आपली मुलगी दिली, दहा वर्षं राज्य त्याच्याकडून चालवून घेतलं, आणि मुलगा मोठा झाल्यावर त्याला विष देऊन मारलं, असं तो लिहितो. तिच्याच काळातल्या सनदा पाहिल्या तर हुकूम तिच्या नावाने निघताना दिसतात, या रॉबर्टला आधार मिळत नाही. बहुतेक इतिहासकार ही कथा मानत नाहीत, मीही मानत नाही. दहा वर्षं राज्य नीट चाललं तर ते एखाद्या पुरुषाने चालवलं असणार, आणि तो पुरुष दिसत नाही तर बाईने त्याला मारला असणार, असा हा तर्क आहे.

मग इतकं सगळं सोडून ती जेरुसलेमला का गेली?

मुलगा सतरा वर्षांचा झाला होता आणि मागणी राजाची आली होती. काउंटची विधवा, काउंटची आई, आणि आता राणी होण्याची संधी. शिवाय करारात एक कलम होतं. टायरचा आर्चबिशप विल्यम ते नोंदवतो: या दोघांना मूल झालं नाही तर बाल्डविननंतर जेरुसलेमचं राज्य रॉजरला मिळेल. वय चाळिशीकडे झुकलेलं, तेव्हा मूल होण्याची आशा कमी, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असणारच. म्हणजे मुलासाठी दुसरं राज्य मिळवायला ती निघाली होती, असं मी समजते.

बाल्डविनची गरज सरळ होती. त्याला पैसा हवा होता. जून 1113 मध्ये मोसुलचा मुसलमान सत्ताधीश मौदूद याने गॅलिलीत त्याचा जबर पराभव केला होता, सैनिकांचा पगार थकला होता.

ऑगस्ट 1113 मध्ये ती अक्का बंदरात उतरली. इतिहासकार आखेनच्या आल्बर्टने केलेलं वर्णन असं: प्रत्येकी पाचशे लढवय्ये असलेली दोन मोठी गलबतं, शिवाय सोनं, चांदी, जांभळी वस्त्रं, रत्नं आणि शस्त्रांनी भरलेली सात जहाजं. तिच्या स्वतःच्या जहाजाची डोलकाठी सोन्याने मढवलेली. बरोबर सिसिलीतले अरब तिरंदाज. आल्बर्ट स्वतः तिथे नव्हता, तेव्हा आकडे जपून घ्यावेत. पैसा मात्र खरा होता आणि तो लगेच खर्चीही पडला.

लग्न मोडलं कशामुळे?

बाल्डविनची आधीची बायको जिवंत होती. एका आर्मेनियन सरदाराची ही मुलगी, त्याने तिला रीतसर काडीमोड न देता जेरुसलेमच्या सेंट अॅनच्या मठात धाडलं होतं. पुढे ती कॉन्स्टँटिनोपलला निघून गेली. चर्चच्या नियमाने हे नवं लग्न अवैधच. तरी ते जुळवून आणलं आर्नुल्फने, म्हणजे जेरुसलेमच्या चर्चच्या प्रमुखाने. 1115 मध्ये पोपच्या प्रतिनिधीने त्याला पदावरून काढलं. तो रोमला गेला, आणि 1116 मध्ये पोप दुसरा पास्काल याने त्याला परत नेमलं, पण राजाने आदेलासियाला सोडावं या अटीवर.

नंतर बाल्डविन इतका आजारी पडला की मरणार असं वाटलं. सरदारांना तेव्हा ते वारसाचं कलम आठवलं. सिसिलीचा तरुण रॉजर इथे येऊन बसणार, हे त्यांना नको होतं. 1117 मध्ये लग्न रद्द झालं आणि ती जहाजाने घरी निघाली. पैसे परत मिळाले नाहीत.

यात तिची चूक किती? आधीची बायको जिवंत आहे हे तिच्यापासून लपवलं गेलं, असं विल्यम म्हणतो. तिला फसवलं गेलं हे त्याने, जेरुसलेमच्याच राज्याच्या इतिहासकाराने, उघड मान्य केलं आहे.

शेवटी ती कुठे राहिली?

मेस्सिना आणि पालेर्मोच्या मधल्या पत्ती गावात. तिथला सान साल्व्हातोरे मठ 1094 मध्ये पहिल्या रॉजरनेच स्थापला होता. 2 एप्रिल 1118 ला बाल्डविन इजिप्तच्या स्वारीवरून परतताना अल-अरीशला वारला. चौदा दिवसांनी, 16 एप्रिलला, आदेलासियाही गेली. लग्न टिकलं असतं तर करारातलं कलम त्या पंधरवड्यात अमलात आलं असतं.

रॉजरने आईच्या अपमानाचा बदला घेतला का?

लढाई केली नाही. मदतही केली नाही. विल्यमने 1180 च्या सुमाराला लिहिलं आहे की बाकीच्या ख्रिस्ती राजांनी काही ना काही हातभार लावला, पण सिसिलीच्या या राजांनी आम्हाला गोड शब्दसुद्धा दिला नाही. दुसऱ्या क्रुसेडच्या वेळी, 1147 मध्ये, रॉजरचं आरमार ग्रीसमधल्या कोर्फू, थीब्ज आणि कॉरिंथवर तुटून पडत होतं.

राग हेच एकमेव कारण होतं असं मला वाटत नाही. त्याचं लक्ष आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणि दक्षिण इटलीवर होतं. पण जखम खरी होती, कारण बाहेरच्या माणसालाही ती साठ वर्षांनी दिसत होती. सुलतान सलादिनच्या तडाख्यात सापडलेल्या क्रुसेडरांच्या त्रिपोलीला 1188 मध्ये सिसिलीचं आरमार धावून गेलं. ते पाठवणारा सिसिलीचा राजा दुसरा विल्यम हाही आदेलासियाचा पणतू.

करारातला मुकुट तिच्या वंशाला कधी मिळाला का?

मिळाला, दुसऱ्याच वाटेने. रॉजर 25 डिसेंबर 1130 ला पालेर्मोत सिसिलीचा राजा झाला. त्याची मुलगी कॉन्स्टन्स त्याच्या मृत्यूनंतर जन्मली, आणि तिचा मुलगा सम्राट दुसरा फ्रेडरिक. या फ्रेडरिकने जेरुसलेमची वारस इझाबेलाशी लग्न केलं आणि 18 मार्च 1229 ला जेरुसलेमच्या पवित्र थडग्याच्या चर्चमध्ये तो मुकुट घातला. हक्क बायकोकडून आला होता, 1113 च्या कराराशी त्याचा संबंध नव्हता.

या घराण्याचा आपल्याकडच्या मुलखाशी काही धागा आहे का?

एक आहे. दुसऱ्या रॉजरने अल-इद्रिसी या अरब विद्वानाकडून जगाचा भूगोल लिहवून घेतला. तो 1154 मध्ये पुरा झाला. त्यात कोकणच्या किनाऱ्यावरची ठाणे, सोपारा आणि सैमूर, म्हणजे चौल, ही बंदरं येतात. इद्रिसी स्वतः इकडे आला नव्हता, प्रवाशांकडून आणि जुन्या ग्रंथांतून त्याने माहिती घेतली. अरबी जाणणाऱ्यांना दरबारात मानाची जागा असते, हे रॉजर लहानपणी आईच्या कारभारात पाहत आला होता.

इंटरनेटवर शोधलं की दुसऱ्याच आदेलाइदे सापडतात. ओळखायचं कसं?

घोळ नेहमीचा आहे. सम्राट पहिल्या ओटोची राणी आदेलाइदे 999 मध्ये वारली, चर्चने तिला संत मानलं आहे. तोरिनोची आदेलाइदे वर आलीच, ती 1091 मध्ये वारली. तिघींनीही मुलाच्या किंवा नातवाच्या नावाने राज्य चालवलं, त्यामुळे नुसतं 'राज्य चालवणारी आदेलाइदे' म्हणून भागत नाही. आपल्या आदेलासियासाठी नावापुढे 'देल वास्तो', पत्ती हे गाव किंवा 1118 हे वर्ष घालून शोधा. कागद पाहायचा असेल तर पालेर्मोच्या दफ्तरखान्याचं नाव आणि 1109 एवढं पुरे.